सलोमाचा जुना चेहरा

गोधडी शिवायला आमच्या आमिश बायका जमल्या की सलोमा रेबरची जागा ठरलेली असे. गोधडी ताणून बसवतात त्या लाकडी चौकटीचा खिडकीकडचा कोपरा, जिथे दुपारचा उजेड सरळ कापडावर पडतो. ही जागा तिला कोणी मानाने दिलेली नव्हती, तिच्या हातांनी मिळवलेली होती. एके काळी तिचे टाके इतके बारीक आणि सारखे पडत की नुकतं लग्न झालेल्या पोरींना मुद्दाम तिच्या शेजारी बसवत.

त्या हिवाळ्यात गोधडी मलिंडाच्या घरी पसरली होती. मलिंडा म्हणजे सलोमाच्या थोरल्या भावाची, लीव्हायची बायको. आईवडील गेल्यापासून सलोमा त्यांच्याच अंगणातल्या दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची. दिवस कलायच्या आत बायका उठल्या, सलोमाही उठली, घरी येऊन तिने कॉफीचं आधण ठेवलं आणि मग लक्षात आलं की चष्मा चौकटीवरच राहिला. अंगण ओलांडून ती मागच्या दाराने आत शिरली. चिखलाचे बूट काढून ठेवतात त्या खोलीत असतानाच आतलं बोलणं कानावर आलं.

"हळू उसव, कापड फाटेल," मलिंडा म्हणत होती.

"उसवतेच आहे. पण दर वेळी हेच. सरळ सांगून टाक ना तिला, की बाई, आता तू नुसती कॉफी कर." हा आवाज शेजारच्या क्लाराचा.

"तू सांग की. तुझ्या तोंडाला काय कुलूप आहे?"

"आणि माझ्यावर खेकसली म्हणजे? हल्ली आवाज ऐकलास तिचा? परवा मागून हाक मारली तर मला वाटलं लीव्हायच आला."

दोघी हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, दिवसभर मान मोडून शिवत बसलेल्या बायकांचं साधं हसणं होतं. तेच सलोमाला जास्त लागलं. दाराच्या फटीतून तिला दिसलं, तिची अख्खी ओळ उसवून झाली होती आणि त्याच रेघेवर नवे टाके घालायला मलिंडाने सुईत दोरा ओवून ठेवला होता.

चष्मा न घेताच ती परत फिरली. पुढच्या खेपेला मात्र ती पुन्हा त्याच कोपऱ्यात जाऊन बसली, कारण न जावं तर काहीतरी सबब सांगावी लागली असती. ओळ संध्याकाळी उसवली जाणार हे माहीत असूनही ती दुपारभर टाके घालत राहिली. पन्नाशीच्या बाईने असं करणं हा वेडेपणा आहे की सभ्यपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बिघाड एका दिवसात झाला असता तर कोणाच्या तरी डोळ्यांत भरला असता. तो झाला वर्षानुवर्षं, सावकाश. आधी पाय वाढले. बूट शिवणारा अँडी दर खेपेला नवा साचा काढायचा आणि म्हणायचा, "सलोमा, या वयात पायांना काय खतपाणी घालतेस?" ती हसायची. मग पांढरी टोपी कपाळाला आवळायला लागली, तशी तिने मोठी शिवून घेतली. बोटं जाड झाली, त्यांना मुंग्या यायला लागल्या, अंगठी आमच्याकडे कोणी घालत नाही म्हणून, पण सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान बोटात जाईना. आवाज खाली गेला. प्रार्थनेच्या दिवशी बायकांच्या बाजूला बसून गाताना आपला सूर पुरुषांच्या बाजूला जाऊन बसतोय हे कळल्यावर ती नुसते ओठ हलवायला लागली. लीव्हायची नातवंडं पूर्वी रात्री तिच्याकडे झोपायला यायची. आत्याआजी घोड्यासारखी घोरते म्हणून ती यायची बंद झाली. नाक, ओठ, हनुवटी सगळंच मोठं होत गेलं आणि माणसं म्हणायला लागली, सलोमा वयाबरोबर कडक होत चालली, एकटीने राहून राहून माणूस असंच होतं. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, त्याला फक्त स्वभाव दिसतो.

तिच्याकडे आरसा होता तो तळहाताएवढा, टोपी नीट बसली का ते बघण्यापुरता. आणि फोटो आमच्या आमिश लोकांत, जुन्या चालीने घोडा-बग्गीवर जगणाऱ्या आमच्या ख्रिस्ती पंथात, काढत नाहीत. देवाने दिलेल्या चेहऱ्याची कोणी कागदावर नक्कल करून भिंतीला लावत नाही. सलोमा पूर्वी कशी दिसायची याचा सगळ्या काउंटीत पुरावा नव्हता.

म्हणजे एक होता, पण त्याचं नाव कोणी घेत नसे. सलोमाला जुळी बहीण होती, इव्हा. दोघी इतक्या सारख्या की आईने तान्हेपणी इव्हाच्या पायाला दोरा बांधून ठेवला होता. इव्हाने रीतसर बाप्तिस्मा घेतला, मंडळीपुढे इथल्या रीतीने राहण्याचा शब्द दिला आणि मग ऐन तिशीच्या तोंडावर एका ट्रकवाल्याबरोबर शहरात निघून गेली. शब्द दिलाच नसता तर एक वेळ चाललं असतं. दिल्यावर मोडला म्हणून तिला वाळीत टाकलं. असा निर्णय बिशप एकटा घेत नाही, बसलेल्या प्रत्येकाला विचारलं जातं, आधी पुरुष, मग बायका. सलोमाची पाळी आली तेव्हा तीही सगळ्यांसारखंच म्हणाली, मला मान्य आहे.

वाळीत टाकलेल्या माणसाशी बोलायला हरकत नसते. पण त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही आणि त्याच्या हातातून काही घ्यायचं नाही. आईच्या मातीला इव्हा आली होती, वाळवलेल्या सफरचंदांचा ‘पाय’, म्हणजे आमच्याकडची सारण भरून भाजलेली जाड गोड पोळी, घेऊन. तो तिने ओट्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली. मग सलोमाने तो उचलला. त्यानंतर वीसेक वर्षं दोघींची गाठ नव्हती, आणि सलोमाला लहानपणापासून नीट बघितलेलं माणूसही मग गावात लीव्हायशिवाय उरलं नाही. लीव्हाय तर गाईंकडेसुद्धा मान खाली घालून बघणारा.

सलोमा गोठ्याच्या दाराच्या चौकटीवर आदळायला लागली तेव्हा कुठे त्याने मान वर केली. एकदा बग्गी हाकताना डावीकडून आलेली मोटार तिला दिसलीच नाही, घोडाच बिचकून थांबला म्हणून निभावलं. "डोळे दाखवून ये," लीव्हाय म्हणाला. एवढंही तो सहसा एका आठवड्यात बोलत नसे.

गावातल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण नवीन आली होती. तिने रिवाजाप्रमाणे हात पुढे केला, सलोमाने हातात हात दिला, आणि डॉक्टरणीने तो सोडलाच नाही. मळून ठेवलेल्या कणकेत बोटं रुतावीत तसा तो हात मऊ आणि भरगच्च होता. तिने तो उलटापालटा करून बघितला, बुटांचं विचारलं, दात आवळायला सांगितले, डोकं दुखतं का विचारलं. मग म्हणाली, "माझ्या नाकाकडे बघा," आणि दोन्ही बाजूंना आपली बोटं हलवली. सलोमाला नाक दिसत होतं. बोटं दिसत नव्हती.

"किती वर्षांपासून असं आहे?" डॉक्टरणीने विचारलं.

"कसं?"

डॉक्टरणीने रक्त घेतलं आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळाला फोन लावला.

इस्पितळात न्यायला डार्लीन होती. डार्लीन ही बाहेरची, म्हणजे आम्ही ज्यांना इंग्लिश म्हणतो त्यांच्यातली, नवरा गेलेली, तोंडाची टकळी चालू असलेली बाई. आम्ही मोटार चालवत नाही, पण तिच्या व्हॅनमध्ये बसतो आणि त्याबद्दल तिची बोलणी खातो.

डोक्याच्या आतला फोटो काढायच्या मोठ्या चुंबकाच्या यंत्रात धातू चालत नाही. आमच्या बायकांचे कपडे बटणांनी नाही, टाचण्यांनी अडकवलेले असतात. सलोमा पडद्याआड उभी राहून एकेक टाचणी काढून वाटीत टाकत गेली, मग केसांतल्या, मग टोपी. शेवटी अंगावरचं कापड हातांनी धरून ती बोडक्या डोक्याने उभी राहिली. नर्स समजूतदार होती, तिने तिला कागदी टोपी दिली. यंत्रात निजून, त्या ठोकाठोकीत सलोमाने देवाचं नाव घेतलं आणि आपल्या या फोटोबद्दल आधी त्याची माफी मागितली.

डॉक्टर कोव्हाल्चिक कवटीतल्या गाठीच काढायचे. उंच, हळू बोलणारा माणूस. त्यांनी पडद्यावरचं चित्र दाखवलं. "कवटीच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मागे, हाडाची एक छोटी वाटी असते. तिच्यात चण्याएवढी ग्रंथी असते. लहानपणी तीच आपल्याला वाढवते आणि मग हात आखडता घेते. तुमच्या ग्रंथीवर गाठ आलीय, द्राक्षाएवढी. तिला थांबायचं कळत नाही. ती तुम्हाला अजून वाढवतेच आहे."

"कॅन्सर?"

"नाही. पण वाटीतून वर आलीय आणि डोळ्यांच्या नसा दाबतेय. काढली नाही तर नजर जाईल. आणि तुमचं हृदयही मोठं होत चाललंय." मग त्यांनी विचारलं, "जुने फोटो आणलेत?"

"कशाचे?"

"तुमचे. ही गाठ फार थोड्यांना होते, पण जो येतो त्याच्याकडून मी जुने फोटो मागतो. टेबलावर ओळीने मांडले की कळतं, कुठून सुरुवात झाली ते."

"आमच्यात फोटो नसतात."

"एकही? गाडीचं लायसन?"

"घोड्याला लागत नाही," सलोमा म्हणाली.

डॉक्टर हसले. "मग घरच्यांना विचारा, पूर्वी कशा दिसायच्या तुम्ही."

"ते रोज बघतात मला."

"हं. तिथेच तर सगळं फसतं."

सलोमा चित्राकडे बघत बसली. आपण कुरूप झालो, कडक झालो, ही बहिणीच्या वेळी ‘मान्य आहे’ म्हणालो त्याची देवाने करून दिलेली आठवण आहे असं ती मनाशी धरून होती. कोणाला बोलली नव्हती, पण धरून होती. आता ते एक द्राक्ष निघालं. तिला आधी हायसं वाटलं आणि मग अतोनात राग आला, इतकी वर्षं शिक्षा समजून जे मुकाट सोसलं त्याचा.

"काढल्यावर पहिल्यासारखं होईल?"

"हाडं वाढली ती वाढली. पण अंगावरची सूज उतरते. बोटं बारीक होतील, मुंग्या जातील, नाकओठ बरेच खाली येतील. नाकातूनच जातो आम्ही, डोकं उघडत नाही. मात्र नंतर दोन आठवडे इस्पितळाजवळ राहावं लागेल, आणि सोबत माणूस हवं. कोण आहे?"

परतीच्या वाटेवर डार्लीनने तेच विचारलं.

"मलिंडा येईल," सलोमा म्हणाली. "पण तिच्या पोरीचे दिवस भरत आलेत. तिला ओढणं बरं नाही." मग ती म्हणाली, "शहरात बहीण आहे. पण ती वाळीत आहे."

"माहितीये मला. तिची बॅग याच हातांनी गाडीत टाकली होती," डार्लीन म्हणाली. "दर नाताळला मला कार्ड पाठवते ती. तुझ्या घरातलं कोणी पाठवत नाही."

"जुळ्या आहोत आम्ही."

डार्लीनने व्हॅन कडेला घेतली आणि वळून तिच्याकडे बघितलं. "आणि तू त्या डॉक्टरला सांगितलंस, फोटो नाही म्हणून?"

घरी लीव्हाय घोड्याच्या साजाला तेल लावत होता. सलोमाने सांगितलं, गाठ आहे, काढायची आहे, आणि नंतर इव्हाकडे राहीन. वीस वर्षांत त्या अंगणात हे नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. लीव्हायने फडकं खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि तो गोठ्यात निघून गेला.

डार्लीनने इव्हाला निरोप धाडला. ऑपरेशनच्या सकाळी सलोमाला एका लांबलचक खोलीत नेलं. ओळीने खाटा आणि मधे पडदे. कपडे काढून ठेवलेले, टोपी पिशवीत, अंगावर इस्पितळाचा झगा. म्हणजे ती कुठली, कोणाची, हे सांगणारं अंगावर काही उरलं नव्हतं. बाहेर नर्सचा आवाज आला, "तिसरा पडदा," आणि पडदा सरकला.

समोर सलोमा स्वतःच उभी होती. केस कापलेले, लाल स्वेटर, डोळ्यांभोवती सुरकुत्या, पण ते नाक, तो छोटा जिवणीचा कोपरा, ते गाल. आपण ज्या चेहऱ्याने मोठ्या झालो तो चेहरा असा म्हातारा होणार होता तर, एवढंच तिच्या मनात आलं.

इव्हाने तिच्याकडे नीट बघितलं. "माफ करा हं," ती म्हणाली आणि तिने पडदा लावून घेतला.

पावलं पुढच्या पडद्याकडे गेली. सलोमाला क्षणभर वाटलं, जाऊ दे तिला. शोधेल, सापडणार नाही, निघून जाईल. पण तिच्या तोंडून घरच्या भाषेत निघालंच, "इव्हा, इकडे."

पावलं थांबली. पडदा उघडून इव्हा आत आली आणि आधी खाटेच्या पलीकडे बघायला लागली, हा कोण पुरुष बोलला म्हणून. पलीकडे भिंत होती. मग तिने खाटेकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं, आणि स्टूल ओढून तिच्या उशाशी बसली. दोघींपैकी कोणी रडलं नाही. वेळच मिळाला नाही, कारण डॉक्टर कोव्हाल्चिक आले. ते एकदा इव्हाकडे, एकदा सलोमाकडे बघत राहिले.

"तुम्ही फोटो आणलात," ते सलोमाला म्हणाले. मग इव्हाला विचारून त्यांनी तिची हनुवटी, कपाळ, बोटं बघितली, अगदी हलक्या हाताने. "आता कळलं, कुठून निघालो होतो."

सलोमाला झोपवल्यावर त्यांनी नाकपुडीतून बारीक दुर्बीण आत घातली. नाकाच्या मागची पोकळी, तिच्यामागे अंड्याच्या टरफलासारखं पातळ हाड, ते हळूच फोडलं की वाटी. गाठ मऊ होती, शिजलेल्या भाताच्या खिरीसारखी. ती खरवडत, ओढून घेत त्यांनी वाटी रिकामी केली, तसा वर ताणलेला पडदा खाली उतरला आणि डोळ्यांच्या नसांना मोकळी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या धडधडत असतात. तिथे गाठीचा एक पापुद्रा चिकटला होता, तो सोडवायला सगळ्या कामाच्या निम्मा वेळ गेला. शेवटी पोटावरची थोडी चरबी घेऊन भोक बुजवलं, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळू नये. बाहेर बसलेली इव्हा या सगळ्या वेळात उठलीसुद्धा नाही.

सलोमा शुद्धीवर आली ती तहानेने. नाकात बोळे होते, तोंडाने श्वास घेऊन घेऊन जीभ टाळ्याला चिकटली होती. एक हात पट्टीला बांधलेला, नळी लावलेला. दुसऱ्यात मुंग्या.

"पाणी," ती म्हणाली.

नर्स सांगून गेली होती, नळीने ओढून प्यायचं नाही, जोर पडतो. घोटघोट द्यायचं. इव्हाने पेला भरला आणि पलंगाजवळच्या फळीवर ठेवला. मग ती दोन पावलं मागे सरली.

वीस वर्षं शहरात राहून केस कापले, पँट घातली, दूरचित्रवाणी बघितली, पण हे तिच्या अंगातून गेलं नव्हतं. बहिणीला बाटवायचं नाही, वस्तू ठेवायची आणि बाजूला व्हायचं. सलोमाने पेल्याकडे बघितलं. तो तिच्या हाताच्या पल्ल्यात नव्हता, आणि उठायला मनाई होती. इव्हालाही ते दिसत होतं. ती हात मागे धरून उभी होती आणि तिचं तोंड रडवेलं झालं होतं.

"तू पाज," सलोमा म्हणाली.

"नर्सला बोलावते मी."

"नर्स नको. तू पाज."

इव्हाने एका हाताने तिची मान सावरली, दुसऱ्याने पेला ओठांना लावला. निम्मं पाणी सलोमाच्या झग्यावर सांडलं. उरलेलं ती प्यायली.

इव्हाचं घर म्हणजे एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. ट्रकवाल्याने कधीच दुसरा संसार थाटला होता. ती एका बेकरीत केकवर साखरेने लोकांची नावं लिहायची. पहिल्याच संध्याकाळी तिने इस्त्रीची फळी उघडली, स्वयंपाकघरातल्या एकुलत्या टेबलाला लावून सारख्या उंचीची केली आणि दोन्हींवर मिळून एकच चादर अंथरली. वाळीतलं माणूस जेवायला आलं की गावात समजूतदार घरं असंच करतात, दोन टेबलं आणि वर एक चादर.

"मधे बोटभर फट आहे," ती म्हणाली. "खात्री करून घे. उगाच माझ्यामुळे नरकात जायचीस."

"हसवू नको. हसायचं नाही म्हणालेत डॉक्टर."

"डॉक्टर म्हणालेत शिंकायचं नाही. हसायचं नाही हे बिशप म्हणालेत."

सलोमा इस्त्रीच्या फळीवर जेवली. नूडल्सचं सूप, बीटचं लोणचं, आणि वाळवलेल्या सफरचंदांचा पाय. नाकात बोळे असल्यामुळे तिला कशाचीच चव लागली नाही. छान झालाय, असं ती म्हणाली, आणि इव्हाला ते खोटं आहे हे माहीत होतं. रोज सकाळी इव्हा विचारायची, "घशात खारट लागतंय का? नाकातून पाणी?" नाही म्हटलं की कामावर जायची, आणि सलोमा दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघायची. उजवीकडून येणारी माणसं आता दिसत होती. डावीकडून येणारीही. सूज पहिल्यांदा हातांवरून उतरली. एका दुपारी तिने इव्हाच्या डब्यातलं अंगुस्तान घातलं आणि ते बसलं.

"जरा उजेडात बस," एका रविवारी ती इव्हाला म्हणाली.

"काय बघायचंय?"

"मी कशी म्हातारी झाले असते ते."

इव्हा खिडकीत बसली. "फार काही हुकलं नाही तुझं. हनुवटीखाली बघ, लोंबायला लागलंय." मग जरा थांबून म्हणाली, "त्या दिवशी मी पडदा लावून घेतला."

"हो. लागलं मला ते. अजून लागतं."

"मलाही," इव्हा म्हणाली. "तू मान्य आहे म्हणालीस, तेही लागलं होतं."

त्या एकमेकींकडे बघत बसल्या, आणि वीस वर्षांत सलोमाला पहिल्यांदा आपण घरी आहोत असं वाटलं.

दोन आठवडे संपले. डार्लीनची व्हॅन खाली येऊन थांबली. इव्हाने सफरचंदांच्या ‘पाय’चा खोका आणला होता. सलोमाने हात पुढे केले, पण तोवर इव्हाने खोका सीटवर ठेवून दिला होता आणि ती मागे सरली होती. सलोमा आता बरी होती ना.

गावात आल्यावर ती आपणहून बिशप एनोसकडे गेली. म्हातारा गाय पिळत होता. तिने सांगितलं, मी बहिणीच्या हातून पाणी प्यायले.

"आजारात चालतं," बिशप म्हणाला. "मंडळीपुढे आणायची गरज नाही."

"आणि बरं झाल्यावर?"

बिशपने गाईच्या पोटाला डोकं टेकलं. तो दुष्ट माणूस नव्हता. "बरी झालीस ना, देवाचे आभार मान," तो म्हणाला. सलोमाने आभार मानले. घरी चालत येताना तिला पहिल्यांदाच, अगदी मनापासून, आपण बऱ्या झालो याचं वाईट वाटलं.

वसंत येईपर्यंत तिचं अंग आणखी उतरलं. हनुवटी पुढेच राहिली, कपाळही, पण नाकाचा फुगवटा गेला, ओठ आवरले, डोळ्यांभोवतीची कातडी सैल पडून आतले डोळे मोकळे झाले. टोपी पुन्हा लहान केली. गोधडीला ती त्याच कोपऱ्यात बसली. संध्याकाळी घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम काही काम काढून मलिंडाकडे गेली. तिची ओळ जागच्या जागी होती. तिने बोट फिरवून बघितली. कोणी काही बोललं नव्हतं, उसवतानाही आणि न उसवतानाही.

बायका मात्र तिच्याकडे बघून मधेच गप्प व्हायला लागल्या. क्लारा एकदा म्हणाली, "सलोमा, तू आता अगदी..." आणि सुईत दोरा ओवायला लागली. सलोमाच्या ध्यानात आलं. गावात जिचं नाव घेत नाहीत ती सगळ्यांना रोज दिसायला लागली होती.

मग एका दुपारी मलिंडा मुलीकडे बाळाला बघायला गेली होती. लीव्हायला सलोमाने आपल्या घरी जेवायला वाढलं. दोघं मान खाली घालून प्रार्थना म्हणाले, मान खाली घालून जेवले. लीव्हायने बटाटे संपवले, पावाने ताट पुसलं. तरी तो उठेना. काटा उजवीकडे ठेवला, डावीकडे ठेवला.

"ती," तो म्हणाला आणि घसा खाकरला. "ती आता कशी दिसते?"

सलोमाने त्याच्याकडे बघितलं. त्याची मान अजून खालीच होती. तिने पाण्याचा पेला बाजूला सारला, खुर्ची खिडकीकडे वळवली, टोपीच्या नाड्या गालांवरून मागे टाकल्या आणि उजेडात तोंड करून ती बसून राहिली.

"बघ," ती म्हणाली.

लीव्हायने मान वर केली.